बाकी दोन

यादी सुगतनं केली होती, लॉजच्या बिलामागं:
किल्ला, कमल बस्ती, वेळ उरला तर हलशी,
गोकाकचा धबधबा, पाणी असेल तर,
कुंदा दोन किलो, त्यातला एक ताईंकडे.
सगळ्यात खाली माझ्या अक्षरात, विहार.
कुठलं, ते मलाही धड माहीत नव्हतं.
लग्नाआधी आई वर्षभर वडगावात होती, मागावर.
"मागांच्या गल्लीत आहे, पत्र्याचं,"
एवढाच पत्ता ती ठेवून गेली.

बस्तीत गारवा होता, वटवाघळांचा वास होता.
छताला दगडी कमळ, उलटं टांगलेलं,
आणि खाली आम्ही तिघं मान मोडून पाकळ्या मोजत.
उत्पला म्हणाली बहात्तर. माझ्या सत्तरच भरल्या.
सुगतनं मोजायचं सोडून फोटो काढला.
"आई, आत बसलाय तो बुद्ध?"
"नाही गं, नेमिनाथ."
"मग डोळे तसेच कसे?"
राखणदार हसला, कानडीत काहीतरी बोलला.
आम्हीही हसलो,
न कळलेल्या गोष्टीला माणूस हसतो तसं.

दुपारी वडगाव.
रिक्षावाला सांगत होता, इथं जमिनीखाली जुनं शहर आहे,
दोन हजार वर्षांचं, खणून काढलेलं, परत झाकलेलं.
कुठं, विचारलं तर त्यानं हात फिरवला
सगळीकडे:
पिठाच्या गिरणीवर, मोबाईलच्या दुकानावर, एका म्हशीवर.
आणि गल्लीभर पॉवरलूमचा खटखटाट,
इतका की बोलायचं ते
ओठांवरून वाचायचं.

विहाराला कुलूप.
पाटीवर कानडी अक्षरं, ताजी, पिवळी,
पण ऊन तिरपं पडलं की रंगाखालून
आमचा 'वि' डोकं वर काढतो.
किल्ली लगमव्वाकडं, असं कुणी सांगितलं.
ती मागावरनं उठून आली, केसांत सुताची कुसं,
"बर्री, बर्री. कुठनं आलासा?
ऊट आत का? जेवलासा का?"
दोन्ही भाषांत एकच प्रश्न,
कुणी एकीत तरी नाही म्हणू नये म्हणून.
आईचं नाव सांगितलं.
तिनं आठवायचा खरंच प्रयत्न केला.
आठवलं नाही.
"लई बायका आल्या, गेल्या बघा," म्हणाली,
आणि पदरानं कुलूप पुसून उघडलं.

आत बुद्ध होता, गुडघ्याएवढा,
पत्रा गळतो म्हणून डोक्यावर प्लास्टिकचा कागद.
भिंतीवर पंचशील, पाच ओळी, तिसरीचा रंग उडालेला.
आणि त्याच्या पुढ्यात, त्याच्याकडं पाठ करून,
चौथीतली एक पोर फळ्याशी रडकुंडीला आलेली.
"माझी नात. शिवलीला. घरात मागाचा आवाज,
म्हणून मी हिला हितं कोंडते अभ्यासाला."

मी मेणबत्ती शोधत होते पिशवीत.
उत्पलानं चपला काढल्या, नमस्कार केला न केला,
आणि खडू उचलला.
हिला कानडी येत नाही, तिला मराठी ऐकून ऐकून थोडी.
भागाकार अडला होता.
उत्पलानं तो पुसून स्वतःचा मांडला:
बहात्तर भागिले पाच.
पाच चोक वीस, बोटांवर, मग परत,
मध्येच दोघी चुकल्या, मध्येच भांडल्या,
फुलीच्या खुणा, डोळे मोठे, जीभ बाहेर.
सुगत घड्याळाकडं बघायचा थांबला
ते मला कळलं, कारण तो उंबऱ्यावर टेकला
आणि लगमव्वानं त्याला शेंगा दिल्या.

चौदा. बाकी दोन.
शिवलीलेनं त्या दोनाभोवती गोल काढला,
इतका जोरात की खडू मोडला.

धबधबा राहिला. हलशी राहिली.
लगमव्वानं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली,
"जय भीम. परत या की," आणि आत वळली,
खटखटाट तिला गिळून टाकत गेला.

रात्री ताईंचा फोन. "काय काय पाहिलंत?"
किल्ला सांगितला, बस्ती सांगितली.
"आणि बाकी?"
उत्पलानं फोन हिसकावून घेतला,
"बाकी दोन," म्हणाली,
आणि पुढं काही सांगेचना.